ज्यूस घ्या, पण नाश्त्याला सुट्टी देऊ नका

प्रश्न: ताई नमस्कार, मी डोंबिवलीला राहते, वय ४३, उंची ५ फूट २ इंच, वजन ७४ किलो. थायरॉइडची गोळी चालू आहे. गेल्या दीड महिन्यापासून रोज सकाळी नाश्त्याऐवजी बीट, गाजर आणि सफरचंदाचा घरी केलेला ज्यूस घेते, गाळून, वरून एक मोठा चमचा मध. गोळी घेतली की लगेच ज्यूस, म्हणजे उपाशीपोटी जातो. पहिल्या आठवड्यात दीड किलो कमी झालं आणि नंतर काटा हलेचना. अकरा वाजले की ऑफिसमध्ये हातपाय गळतात, मग काहीतरी खाल्लं जातंच. सासूबाईंनाही तोच ज्यूस देते, त्यांना शुगर आहे आणि क्रिएटिनिन थोडं वाढलंय. मिस्टर मॉर्निंग वॉकवरून येताना बागेबाहेर दुधीचा ज्यूस पिऊन येतात, ते म्हणतात तू पण दुधीचाच घे, कोल्ड प्रेस ज्युसर आणू या. तर नक्की कुठला ज्यूस घ्यावा, कधी घ्यावा आणि ज्युसर घेऊ का? - एक वाचक

उत्तर: ताई, तुमचं पत्र वाचलं आणि ज्युसरचं नंतर बघू, आधी सासूबाईंचा ज्यूस उद्यापासून बंद करा. म्हणजे कायमचा नाही, त्यांच्या डॉक्टरांना विचारेपर्यंत. क्रिएटिनिन वाढलंय याचा अर्थ किडनी थोडी कमी काम करतेय, आणि अशा वेळी पोटॅशियम शरीरात साठायला लागतं. बीट, गाजर, टोमॅटो, पालक या सगळ्यांत पोटॅशियम भरपूर, आणि ज्यूस करताना आपण एकदम तीन-चार भाज्यांचा अर्क एका ग्लासात देतो. पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो, आणि बऱ्याचदा आधी काही लक्षणंही दिसत नाहीत. त्यात त्यांना शुगर, आणि तुमच्या ज्यूसमध्ये मध आहे, सफरचंदाचा रस आहे, चोथा गाळून टाकलेला. ही साखर रक्तात पटकन चढते. तुम्ही मायेनेच देताय हे मला कळतंय, सून सकाळी उठून सासूसाठी ज्यूस करते ही साधी गोष्ट नाही, पण त्यांच्यासाठी काय योग्य ते त्यांचे रिपोर्ट बघूनच ठरेल. तोवर त्यांना नेहमीचा नाश्ता द्या.

दुसरी तातडीची गोष्ट तुमची थायरॉइडची गोळी. गोळी गिळली आणि मागोमाग ज्यूस, असं करू नका. ही गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर निदान अर्धा तास, जमलं तर एक तास काही घ्यायचं नाही, चहासुद्धा नाही. नाहीतर गोळी पूर्ण अंगी लागत नाही, आणि थायरॉइड नीट कंट्रोलमध्ये नसेल तर वजनही उतरायला कुरकुर करतं आणि थकवा येतो तो वेगळाच. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर ठेवा. दीड महिना हे असं चाललंय म्हणताय, तर एकदा टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या आणि डॉक्टरांना सांगा की मी गोळीवर लगेच ज्यूस घेत होते.

आता तुमच्या वजनाकडे येते.

तुमचा ग्लास एकदा समोर ठेवून बघू या. एक मध्यम बीट, दोन गाजरं, एक सफरचंद आणि मोठा चमचाभर मध. बिटाच्या १०० ग्रॅमला साधारण ४३ कॅलरी, गाजराच्या ४१, सफरचंदाच्या ५२, आणि तो मोठा चमचा मध एकटाच ६० च्या पुढे. सगळं मिळून सव्वादोनशेच्या आसपास जातं, म्हणजे डिशभर कांदेपोह्यांएवढं. पोहे खाल्ले असते तर दोन-अडीच तास पोट शांत राहिलं असतं, शेंगदाण्याचं थोडं प्रोटीन गेलं असतं, ज्यूस मात्र दोन मिनिटांत पिऊन होतो आणि पोटाला जेवल्याचं कळतच नाही. चावणं नाही, चोथा नाही, प्रोटीन जवळजवळ शून्य. म्हणून अकरा वाजता तुमचे हातपाय गळतात. ती भूक आहे हो, साधी खरी भूक, यात तुमची इच्छाशक्ती कमी पडली असं अजिबात समजू नका. आणि मग त्या वेळी ऑफिसखालचा एक वडापाव आला की ३०० च्या आसपास कॅलरी त्याच्या, वर दोन चमचे साखरेचा चहा. काटा हलेल कसा?

पहिल्या आठवड्यातलं दीड किलो कुठून गेलं तेही सांगते, कारण त्याच्यावरच लोक फसतात आणि मैत्रिणींना सांगत सुटतात. आपलं शरीर थोडी साखर लिव्हरमध्ये आणि स्नायूंत साठवून ठेवतं आणि तिच्याबरोबर बरंच पाणीही धरून ठेवतं. खाणं अचानक कमी केलं की आधी हा साठा वापरला जातो, पाणी सुटतं, काटा खाली येतो, आपण खूश. यात चरबी थोडीच असते. नीट जेवायला लागलं की पाणी परत येतं. ते सात दिवस नुसता ज्यूस पिऊन राहायचं डिटॉक्स म्हणतात ना, त्यात दोन-तीन किलो गेल्याचे फोटो दिसतात ते बहुतेक याच हिशोबाचे. शरीरातली घाण काढायचं काम लिव्हर आणि किडनी चोवीस तास करत असतात, त्यांना बिटाच्या ज्यूसची वाट बघायला लागत नाही. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था (आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिचीच आहे ती) सांगते की आठवड्याला अर्धा किलो कमी होणं सुरक्षित, आणि वजन कमी करायचं म्हणून दिवसाचं खाणं १००० कॅलरींच्या खाली नेऊ नये. अर्धा किलो म्हणजे महिन्याला दोन. ऐकायला कमी वाटतं, पण तुम्ही आधी ७४ चे ७० करा, एवढ्यानेसुद्धा बीपी, शुगर, गुडघे सगळ्यांना फरक पडतो.

मग ज्यूस घ्यायचाच नाही का? घ्या की. मला स्वतःला घरचा भाजीचा ज्यूस आवडतो आणि ज्या घरात कोशिंबिरीला कोणी हात लावत नाही तिथे चार भाज्या पोटात जायचा तो चांगला रस्ता आहे. त्याच पोषण संस्थेच्या हिशोबाने दिवसाला पालेभाज्या धरून ४०० ग्रॅम भाजी खायला हवी, आणि आपल्याकडे डब्यात वाटीभर बटाट्याची भाजी आणि रात्री आमटी-भात, एवढ्यात कुठली होते ती. फक्त ज्यूसला नाश्त्याच्या जागी बसवू नका, त्याला दुसऱ्या कशाच्या तरी जागी बसवा. म्हणजे असं बघा, संध्याकाळी साडेसहा-सातला तुम्ही लोकलमधून उतरून घरी येता, भूक कडकडून लागलेली, स्वयंपाक व्हायला अजून तास, आणि ओट्याशी उभ्याउभ्या फरसाणाच्या डब्यात हात जातो, दोन खारी चहात बुडवून जातात, पोळ्या लाटता लाटता एक पोळी तूप-साखर लावून जाते. (हे सगळं तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला इतक्या जणी हेच सांगतात की तुमच्याकडेही थोडंफार असणार असं धरून चालते.) ही वेळ ज्यूसची. आल्या आल्या हातपाय धुवून मोठा ग्लासभर घट्टसर भाजीचा ज्यूस, सोबत मूठभर भाजलेले चणे. चणे विसरू नका, चावायला काहीतरी हवंच. फरसाणाच्या मुठीऐवजी हे गेलं तर ज्यूसने वजन कमी व्हायला खरोखर मदत केली असं म्हणता येईल. आहे त्या खाण्यात वरून ज्यूसची भर टाकली तर कॅलरी वाढतातच.

ग्लासात काय घालायचं? एक काकडी, एक टोमॅटो, मूठभर पालक, पाच-सहा पुदिन्याची पानं, बोटाच्या पेराएवढं आलं, अर्धा आवळा किंवा अर्ध्या लिंबाचा रस, जिरेपूड, आणि मीठ अगदी चिमटीत. पालक उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढा आणि ते पाणी फेकून द्या, पालकात ऑक्झलेट असतं ते थोडं पाण्यात उतरतं, मुतखडा होणाऱ्यांना हे ऑक्झलेट नडतं. घरात कुणाला खडा होऊन गेला असेल तर रोज पालक आणि बीट नकोच, त्याऐवजी कोथिंबीर घाला. काकडी आधी चाखून बघा, कडू निघाली तर टाकून द्या. सगळं मिक्सरच्या भांड्यात अर्धी वाटी पाणी घालून फिरवा आणि गाळू नका. गाळणी लावायचीच नाही. थोडं घट्ट होतं, पहिले दोन-चार दिवस घशाला चोथा लागतो, मग सवय होते. एवढ्या सगळ्याच्या जेमतेम साठ-सत्तर कॅलरी होतात, तुमच्या सकाळच्या ग्लासाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्या. करून फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका, सी व्हिटॅमिन कमी होत जातं आणि चवही जाते, करायचं आणि प्यायचं.

गाजर-बीट आवडतं तर तेही घ्या, पण अर्धं बीट आणि एक छोटं गाजर काकडीच्या जोडीला, आठवड्यातून दोन-तीनदा. एक ग्लास निव्वळ गाजराचा रस काढायला जवळपास अर्धा किलो गाजरं लागतात, अर्धा किलो गाजरं तुम्ही एका बैठकीत कधी चावून खाल का? नाही ना. चावायला लागलं की पोट आपोआप बास म्हणतं, ज्यूसमध्ये ते म्हणायला वेळच मिळत नाही. बिटाने लघवी किंवा संडास लालसर झाली तर घाबरू नका, तो बिटाचा रंग. आणि गाजरातलं बीटा कॅरोटीन अंगी लागायला थोडं तेल-तूप लागतं, म्हणून मला विचाराल तर गाजर-बीट कोशिंबिरीतच जास्त छान, दाण्याचं कूट आणि वरून मोहरी-हिंगाची फोडणी घालून. मध मात्र पूर्ण बंद. मध म्हणजे साखरच आहे शेवटी, कितीही शुद्ध असला तरी. सफरचंद ज्यूसमध्ये न घालता हातात घेऊन सालासकट चावून खा, ऑफिसमध्ये, अकरा वाजता.

आता दुधी. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे आणि मिस्टरांना हे वाचून दाखवा.

दुधी गुणाने चांगला, १०० ग्रॅमला १५ च्या आसपास कॅलरी, पचायला हलका, त्याबद्दल वाद नाही. पण दुधी, काकडी, भोपळा या सगळ्या कुळात कुकुरबिटासिन नावाचं कडू विष असतं, एरवी अगदी नगण्य, पण एखादा दुधी कडू निघतो आणि त्यात ते खूप असतं. वरून बघून काही कळत नाही, हिरवागार, कोवळा, तुकतुकीत दुधीसुद्धा कडू असू शकतो. भाजी केली तर पहिल्याच घासाला कडू लागते आणि आपण ती टाकून देतो. ज्यूसचं तसं होत नाही, तो माणूस नाक दाबून एका दमात पितो, उपाशीपोटी पितो, आणि आपल्याकडे कडू म्हणजे औषधी हे डोक्यात इतकं बसलेलं आहे की कडू लागला तरी गुणकारी म्हणून संपवतो. आणि मग उलट्या, पोटात कळा, जुलाब, कधी रक्त पडतं, बीपी एकदम खाली येतं. यावर उतारा म्हणून औषध नाही, हॉस्पिटलमध्ये सलाइन लावून माणूस सांभाळावा लागतो. लोक गेलेत याने. दिल्लीत २०१० मध्ये एक शास्त्रज्ञ गेले, पुण्यात २०१८ मध्ये एक चाळिशीतली बाई गेली, चांगली व्यायाम करणारी. त्या दिल्लीच्या घटनेनंतर आयसीएमआरने तज्ज्ञांची समिती नेमली होती आणि त्यांनी सांगितलेलं अगदी सोपं आहे: ज्यूस काढायच्या आधी दुधीचा छोटा तुकडा कापून चाखायचा, कडू असेल तर तो दुधी फेकायचा, दुधीचा ज्यूस दुसऱ्या कुठल्या ज्यूसमध्ये मिसळायचा नाही, आणि प्यायल्यावर मळमळ, उलटी, जुलाब, काहीही झालं तर घरगुती उपाय करत न बसता लगेच हॉस्पिटल गाठायचं.

मिसळायचा नाही हे नीट लक्षात घ्या, कारण बागेबाहेरच्या गाडीवर दुधीत कारलं, आवळा, कडुलिंब असं सगळं घालून देतात, मग कडू कशाने लागतंय ते कळणार कसं? आणि तो दुधी कापण्याआधी कोणी चाखलाय का ते मिस्टरांना माहीत नाही. बाहेरचा दुधी ज्यूस त्यांनी बंद करावा असं माझं स्पष्ट मत आहे. घरी करायचा तर दोन्ही टोकांचा एकेक तुकडा चाखूनच. कडू दुधी शिजवला तरी ते विष जात नाही, त्यामुळे ज्यूसला नको तर भाजीत घालू असाही विचार नको. खरं सांगू, दुधीचं सूप करा ना. तुपाची जिऱ्याची फोडणी, दुधी, थोडी मूगडाळ, कुकरला दोन शिट्ट्या, घोटून वर मिरपूड. जेवणाआधी वाटीभर घेतलं की एक पोळी आपोआप कमी होते. अर्थात चाखणं इथेही आहेच.

मिस्टरांचं अजून एक, त्यांना रक्त पातळ करायची वॉरफरीन किंवा अ‍ॅसिट्रॉमसारखी गोळी चालू असेल तर पालकाचे, हिरव्या पाल्याचे ज्यूस अचानक सुरू करायचे नाहीत. पाल्यातलं के व्हिटॅमिन त्या गोळीच्या विरुद्ध काम करतं. तसंच शुगरची गोळी घेणाऱ्यांनी कारल्याचा ज्यूस मनाने सुरू केला तर शुगर खाली जाऊ शकते.

कोल्ड प्रेस ज्युसर घेऊ नका. दहा-वीस हजार घालून काय मिळतं, तर चोथा अजून सफाईने वेगळा काढून देणारं मशीन, आणि आपल्याला तर तो चोथा हवाय. तुमचा मिक्सर पुरे. मिस्टरांना खर्च करायचाच असेल तर चांगले चालायचे बूट घेऊन द्यायला सांगा, स्टेशनवरून घरी येताना रिक्षाच्या लाइनीत उभं राहण्याऐवजी चालत या, पायात बूट चांगले असले की ते निभतं.

सकाळचा नाश्ता परत सुरू करा आणि त्यात प्रोटीन घाला, कारण खाणं कमी करताना प्रोटीन कमी पडलं की चरबीबरोबर स्नायूही जातात आणि मग थकवा अजून वाढतो. तुमच्या उंचीला दिवसाचं ५० ग्रॅम तरी जायला हवं. खात असाल तर दोन अंडी आणि एक पोळी, त्यात १२ ग्रॅमच्या आसपास नुसत्या अंड्यांचंच होतं. नाहीतर मुगाची धिरडी, मटकीची उसळ, बेसनाचं पोळं दह्याबरोबर. सकाळी सहाची गाडी पकडायची घाई असेल तर धिरड्याचं पीठ रात्री वाटून ठेवा आणि दोन धिरडी डब्यात न्या, गाडीत बसायला मिळालं नाही तर ऑफिसला पोचल्यावर खा. पोहे-उपमाही चालतील, भाज्या आणि दाणे जास्त, तेल बेताचं. आणि चहा दिवसाला किती होतो ते एकदा मोजा, दोन चमचे साखरेचे चार कप झाले की दीडशेच्या आसपास कॅलरी नुसत्या साखरेच्या, त्या कमी केल्या तर ज्यूसपेक्षा जास्त फरक पडेल असं मला वाटतं.

एक धुण्याचं राहिलं. कच्चा पाला ज्यूसमध्ये घालताना चिखल निघेपर्यंत तीन-चार पाण्यातून एकेक पान सुटं करून धुवा, जुडी तशीच नळाखाली धरून चालत नाही. नीट न धुतलेल्या कच्च्या पाल्यातून जंत, पटकृमीची अंडी पोटात जातात, टायफॉइड-काविळीचाही धोका असतो. पावसाळ्यात तर मी कच्च्या पाल्याचा ज्यूस कोणालाच सांगत नाही. जून ते सप्टेंबर टोमॅटोचं सार घ्या, साखर न घालता, किंवा वरचं दुधीचं सूप, गरम गरम बरंही वाटतं त्या दिवसांत.

वजन रोज करू नका, आठवड्यातून एकदा, सकाळी, एकाच काट्यावर, आणि टेपने कंबर मोजून लिहून ठेवा, बायकांची ८० सेंटीमीटरच्या आत असावी असं आपल्याकडे धरतात. महिनाभर असं करून बघा आणि टीएसएच काय आलं ते कळवा. सासूबाईंचे रिपोर्ट डॉक्टरांना दाखवून झाले की त्यांना कुठल्या भाज्या किती चालतील ते एका कागदावर लिहूनच घ्या त्यांच्याकडून, आणि तो कागद फ्रिजला चिकटवा म्हणजे घरात कोणीही स्वयंपाक केला तरी गोंधळ होणार नाही.